जिन्याजवळचा खिळा

खिळा… गच्चीच्या जिन्याला लागून, खांद्याच्या उंचीवर, जरासा वर तोंड करून ठोकलेला, आणि डोक्यापाशी उरलेल्या अंगापेक्षा उजळ, म्हणजे तिथे काहीतरी येता-जाता घासत असलं पाहिजे. चहाचा कप हातात तसाच धरून तो खिळ्याकडे बघत राहिला. हा काल नव्हता. निदान काल त्याला दिसला नव्हता. आणि काल जे दिसलं नाही ते आज दिसतंय, तर ते नवं. आयुष्यभर हाच उद्योग केलेला, दुसरा विचार सुचणार कुठून! घरात सुतार येऊन गेला नाही, गवंडी नाही, ठोकाठोकीचा आवाज नाही. सकाळी दाराला कुलूप घालून तो कामावर जातो आणि संध्याकाळी तेच कुलूप काढून आत येतो. मग हा आला कुठून? चहावर साय धरली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की खिळ्याखाली भिंतीचा रंग निराळा आहे… लांबट, खाली थोडा रुंद होत गेलेला एक पट्टा, बाकीच्या भिंतीइतका न मळलेला. खिळा नवा नव्हता. खिळा जुनाच होता, त्याच्यावर जे असायचं ते नव्हतं.

काय असायचं?

आठवेना. आठवत नाही म्हणजे काय! लग्न झाल्यापासून हेच घर, हाच जिना, गळ्यात दुर्बीण अडकवून रोज संध्याकाळी याच पायऱ्या चढून तो वर जातो. जिना अरुंद, त्यामुळे उजवा खांदा भिंतीला घासल्याशिवाय चढताच येत नाही. म्हणजे त्या वस्तूला हा खांदा रोज लागत असणार. तेव्हा खांद्यालाच विचारावं. पण खांदा गप्प. त्याने गार झालेला चहा उभ्याउभ्याच संपवला, कप धुऊन पालथा घातला, आणि स्वतःलाच दटावलं की आज असल्या खिळ्यांसाठी वेळ नाही, आज आपण आनंदात आहोत. काल संध्याकाळी आपल्याला नवा तारा सापडला आहे.

सापडला आहे… म्हणजे दिसला आहे. सापडला असं म्हणायला अजून अवकाश होता. श्रवण ताऱ्याच्या खालच्या अंगाला, आकाशगंगेच्या काठावरचा तो तुकडा त्याच्या वाट्याचा. मास्तर आणि तो यांनी आकाश वाटून घेतलं होतं, भावाभावांनी शेत वाटून घ्यावं तसं, फक्त भांडणाशिवाय: पहाटेचं पूर्वेकडचं मास्तरांचं, तिन्हीसांजेचं पश्चिमेकडचं त्याचं. मास्तर लांबच्या गावचे, शाळेतून निवृत्त झालेले. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच नाही, नुसती फोनवरची ओळख, पण नुसत्या खोकल्यावरून मास्तर सांगतात की काल तुम्ही डोक्याला काही न बांधता गच्चीवर बसला होतात. आपापला तुकडा दोघांनाही पाठ. दुर्बिणीच्या गोलात मावतील अशी ताऱ्यांची चित्रं, पळी, वाकडी कात्री, बसलेला वकील, मोडकी खुर्ची, आणि एकदा चित्र पाठ झालं की तारे मोजावे लागत नाहीत. काही जास्तीचं असलं की खडा दाताखाली यावा तसं लगेच कळतं. काल मोडक्या खुर्चीच्या आखूड पायाखाली एक तारा होता. तिथे तारा नसतो.

त्याने कोपर कठड्यावर टेकले. दुर्बीण हलवून पाहिली: भिंगातला खोटा उजेड असता तर तो भलतीकडे सरकला असता, हा बाकीच्या ताऱ्यांबरोबर शहाण्यासारखा सरकला. ग्रह त्या बाजूला फिरकत नाहीत. कमी-जास्त होणारे तारे तिथे कुठले कुठले आहेत ते त्याला ठाऊक होतं, त्यांतला हा नव्हे. मग जगभरच्या असल्या बातम्या जिथे गोळा होतात त्या केंद्राला त्याने निरोप धाडला, मास्तरांना धाडला, आणि मास्तरांचं उत्तर आलं: इकडे ढग आहेत, उद्या बघतो, तोवर पेढे नकोत. बरोबरच होतं. दुसऱ्या डोळ्याने पाहिल्याशिवाय तारा नाही, हा दोघांचा नियम. नियम म्हणून ठीक. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या आधी, आपल्याच डोळ्यांना… त्याचे पाय जिन्यावरून धावतच खाली आले, आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, “अगं, ऐकलंस का—”

ओट्यावर भांडी पालथी होती. नळ ठिबकत होता. आपण कुणाला सांगतो आहोत ते कळायला त्याला वेळ लागला, आणि कळल्यावर वाक्य तिथेच सोडून तो दिवा लावायला गेला.

बायको मेहुणीकडे होती. मेहुणी एकटी राहणारी, तिचा पाय मोडला, तिचं करायला दुसरं कोणी नाही, तेव्हा आठ-पंधरा दिवस जाऊन येते असं सांगून ती गेली. ते उन्हाळ्यात. आता दिवस आखूड व्हायला लागले होते, संध्याकाळी गच्चीवर गारठा जाणवत होता. मधूनमधून ती येऊन जायची, नेहमी दुपारची, तो कामावर असताना. घरी आला की ओट्यावर जेवण झाकलेलं असायचं, त्यावरून कळायचं. झाकलेलं जेवण तो दारातूनच पाहायचा. ते जास्तीचं होतं ना, दिसायचंच. येताना तिच्या हातात पिशवी रिकामी असायची आणि जाताना भरलेली, हे दिसायला तो घरी कुठे होता… आणि असता तरी?

खिळ्याकडे पाठ करून त्याने दार ओढून घेतलं.

बसच्या खिडकीशी डोकं टेकून तो धूमकेतूंचा विचार करत राहिला. विचार करायला धूमकेतू बरे असतात, लांबचे. तरुणपणी त्यालाही नाद धूमकेतूंचाच. पहाटे उठून क्षितिजापासून वर, आडव्या रांगांनी, शेत नांगरावं तसं आकाश विंचरायचं आणि धुरकट ठिपका दिसला की तो जागचा हलतो का ते पाहायचं. हलला तर धूमकेतू. शोधणाऱ्याचं नाव लागतं त्याला, तेवढा एकच मान आहे या धंद्यात. नवताऱ्याला नुसतं कुठल्या तारकासमूहात कुठल्या वर्षी दिसला एवढंच, शोधणारा गेला उडत. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्या वर्षी बायको एकदा म्हणाली होती, “निदान एखादा धूमकेतू तरी होऊ दे तुम्हाला. नाव लावायला.” तो हसला होता. ती हसत होती का, ते त्याने पाहिलं नव्हतं. पूर्वेला उजाडायला लागलं होतं आणि अजून एक रांग राहिली होती. पुढे डोंगरांवरचे मोठमोठे कॅमेरे सगळे धूमकेतू आधीच टिपायला लागले, गच्चीवरच्या माणसाला उरले नवतारे. नवा म्हणायची नुसती पद्धत. एरवी तो तिथेच असतो, इतका मंद की कुणाच्या खिजगणतीत नाही. एक दिवस भडकतो, मग लोक विचारतात, अरे, हा कुठून आला! बस थांबली. आपला थांबा मागेच गेला हे त्याला उतरल्यावर कळलं.

रुग्णालयात तो एक्स-रे काढतो. तळघरातली खोली, जाड दार, भिंतीवर फिल्म लावून बघायची उजेडाची पेटी. “हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या… धरून ठेवा… सोडा.” दिवसभरात हेच, इतक्या वेळा की घरी बायको कधीकधी पोळपाट-लाटणं हातात धरूनच म्हणायची, “अहो, श्वास सोडू का आता?” फिल्म वाचणं हे त्याचं काम नव्हे, ते डॉक्टरीणबाईंचं, पण ठिपका पाहायचा सराव असा जातो थोडाच. जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी लावली की त्याची नजर आपोआप इकडून तिकडे, तिकडून इकडे उडी मारायला लागते आणि नवा डाग असला तर टक्कन कळतो. डॉक्टरीणबाई, मुलीच्या वयाच्या, थट्टेखोर, आत आल्या की त्यालाच विचारतात, “काय काका, नवीन काही?”

आज एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या, खोकल्याच्या. त्याने फिल्म पेटीवर लावली, पाहिली. “स्वच्छ आहे. नवीन काही नाही.”

डॉक्टरीणबाईंनी हाताची घडी घातली, मान तिरकी केली आणि हसल्या. “काका, बरगड्या मोजा बरं.”

त्याने मोजल्या. पुन्हा मोजल्या. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, एक बरगडी नव्हतीच. एवढी मोठी जागा, हात घालता येईल इतकी, आणि शेजारच्या दोघी किंचित सरकून तिच्या जागेत आलेल्या, लोकलाजेस्तव पांघरूण ओढून घ्यावं तशा.

“लहानपणी काढली ती,” पडद्याआडून म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. पोलक्याची बटणं लावत होत्या. “छातीत काही झालं होतं माझ्या, तेव्हा.”

“आधी नाही का सांगायचं, आजी?”

“विचारलंच नाही कुणी.”

“जाऊ द्या, काका,” डॉक्टरीणबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या. “आम्हीही चुकतो यात. जास्तीचं कुणालाही दिसतं. कमी झालेलं दिसायला आधी पुरतं किती होतं ते माहीत लागतं.” आणि पुढच्या फिल्मकडे वळल्या. त्यांनी सहज म्हटलेलं. तो मात्र त्या रिकाम्या जागेपुढे उभा राहिला, आणि त्याला एकदम भीती वाटली, लहान मुलाला बाजारात आईचा हात सुटल्यावर वाटते तशी. पुरतं किती होतं? आकाशाचा तुकडा त्याला पाठ होता. घर पाठ नव्हतं. जे सतत डोळ्यांसमोर आहे ते पाठ कशाला करायचं, असं त्याने कधी मनात ठरवलंही नव्हतं, ते आपोआपच तसं झालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन लावला. उचलला मेहुणीने.

“अगंबाई! आज कशी आठवण झाली? आकाशात काम नाही वाटतं?”

“आहे… म्हणजे, झालंय एक काम. ती आहे का?”

“आहे ना, देते. थांबा हं, आत्ताच बाजारातून आले, दोन जिने चढून धाप लागलीय नुसती.” आणि मग फोनपासून तोंड लांब करून, “अगं ए, तुझे आकाशवाले!”

बाजारातून. दोन जिने. तो त्या शब्दांशी उभा राहिला. मोडलेल्या पायाने कुणी दोन जिने चढत नाही. म्हणजे पाय बरा झाला, कधीचा बरा झाला असेल. हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो, पण त्याला तोही पुरला नव्हता.

“बोला,” बायको म्हणाली.

“काल तारा सापडला.”

“खरंच?” तिचा आवाज लख्ख झाला, एवढा की त्याचे डोळे भरून आले. “कुठे?”

“खुर्चीच्या पायाखाली.”

“आखूड पायाच्या?”

“हो.”

“बरं झालं बाई. डुगडुगत होती बिचारी कधीची.”

तो हसला. खूप दिवसांनी हसला असावा, कारण शेजारच्या बाकावरच्या वॉर्डबॉयने वळून पाहिलं. आता काहीतरी बोलायला हवं होतं, तुझ्या ताईचा पाय बरा झाला ना, असं काहीतरी. मग तू येत का नाहीस, असं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथे अडकलं, आणि त्याच्याऐवजी दुसरंच बाहेर पडलं.

“अगं, जिन्याजवळच्या त्या खिळ्यावर काय असायचं?”

पलीकडे, मागे कुठेतरी मेहुणी भांडी आपटत होती.

“आज दिसला तुम्हाला तो खिळा?”

“आज सकाळी.”

“मी ते उन्हाळ्यातच आणलं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“पण काय होतं?”

“ते मी नाही सांगणार. तुम्ही आठवा. आठवलं की फोन करा, मग बोलू आपण. यायचं का, कधी यायचं, सगळंच बोलू. मलाही बोलायचंच आहे. आणि नाही आठवलं, तर मग राहू द्या. तुमचा तारा बघा. असले तारे फार दिवस राहत नाहीत, तुम्हीच सांगता ना.”

तिने फोन ठेवल्यावरही तो आपला फोन कानाशीच धरून बसला. राहू द्या. एरवी हे शब्द किती साधे—भाजी संपली, राहू द्या. छत्री विसरलात, राहू द्या. आज त्यांत सगळं घर मावत होतं.

दुपारभर त्याने खिळ्यावर एकेक वस्तू टांगून पाहिली. “श्वास घ्या…” पिशवी. “धरून ठेवा…” छत्री. “सोडा.” पिशवी टांगली की वाटायचं, हो, पिशवीच, कापडी, बंद लांब असलेली. छत्री टांगली की तीही तितकीच खरी वाटायची. गच्चीवरच्या वाळवणावर घालायचं जुनं लुगडं, ऊन लागू नये म्हणून बांधायचा रुमाल, गच्चीच्या कुलपाची किल्ली… किल्लीचा पट्टा एवढा रुंद होत नाही, ती बाद. बाकी सगळं बसत होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. हवं ते दाखवणं डोळ्याला काही अवघड नसतं. फार वर्षांपूर्वी एका ठळक ताऱ्याशेजारी त्याने धूमकेतू पाहिला होता, शेपटासकट. मास्तरांनी शांतपणे सांगितलं होतं, दुर्बीण जरा वाकडी धरा आणि बघा शेपूट कुणीकडे जातं. शेपूट दुर्बिणीबरोबर वळलं, म्हणजे ते आकाशात नव्हतंच, भिंगात होतं. दिसलं आणि दिसावंसं वाटलं, यांतला फरक कळायला लागला की माणूस निरीक्षक झाला, असं मास्तर म्हणतात. त्या हिशेबाने तो बरा निरीक्षक होता. पण इथे वाकडं धरून बघायला काही नव्हतं.

घरी येताना रस्त्यात त्याने सराव करून पाहिला. नवीन काय, हे पटापट दिसत होतं: औषधाच्या दुकानाची नवी पाटी, चांभाराच्या टपरीवर नवा पत्रा, खांबावर कुणाच्या हरवलेल्या मांजराचं चित्र. कमी काय? काहीच कमी वाटेना. रस्ता पुरता भरलेला, जिथल्या तिथे. कोपऱ्यावर तो मुद्दाम थांबला, इथून काहीतरी गेलेलं असणारच, एखादं झाड, बाक, एखादा माणूस जो रोज इथे बसायचा; पण आजूबाजूचं सगळं सरकून जागा बुजलेली. मोडलेला दात जिभेला तरी कळतो.

घरात शिरल्यावर दिवा लावून तो मधोमध उभा राहिला आणि आकाश विंचरायचं तसं त्याने घर विंचरायला घेतलं, खालून वर, आडव्या रांगांनी. चपलांच्या फळीवर त्याच्याच चपला, पसरून, सगळी फळी आपलीच असल्यासारख्या. कपाटाचं दार लागताना आता अडत नव्हतं. पूर्वी अडायचं, तिच्या साड्यांनी, आणि तो वैतागायचा. आरशाखालच्या फळीवर कंगवा एक. खिडकीत कुंडीचा गोल डाग, कुंडी नाही. कुठली कुंडी? हिरवं काहीतरी. पलंगावर उशी एकच होती, आणि ती मधोमध होती. कधीपासून आपण मधोमध झोपतो? ती एका दुपारी निघून गेली नव्हती. ती इथून थोडी थोडी जात होती, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि रोज संध्याकाळी तो डोळ्यांत तेल घालून वर बघत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात. पण तो अंधार निदान दिव्याला दिसत नाही, त्याला तर डोळे होते. मला ती हवी आहे, असं तो रिकाम्या खोलीत स्पष्ट म्हणाला. म्हणणं सोपं गेलं, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून.

बाहेर काळोख दाटत होता. सवयीने हात दुर्बिणीकडे गेला.

गच्चीवर वारा होता, अंगावर काटा आणणारा. पश्चिम अजून तांबूस, त्यावर श्रवण एकटाच. मग एकेक करून बाकीचे, आणि कठड्यावर कोपर टेकून त्याने मोडकी खुर्ची गोलात घेतली. होता. कालच्यापेक्षा ठळक होता, आखूड पायाखाली नीट सरकवून ठेवल्यासारखा. त्याला वाटलं होतं छाती धडधडेल. तो नुसता बघत राहिला, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“आहे! अहो, आहे!” मास्तर ओरडत होते, मागे त्यांचं कुत्रं भुंकत होतं. “ठाण मांडून बसलाय तुमच्या खुर्चीखाली! केंद्राला कळवलं मी. तुमच्या आधी कुणाचाच निरोप नाही, पहिले तुम्ही! तुम्ही बोलत का नाही? रडताय की काय?”

“नाही, नाही. थंडी आहे जरा.”

“असू दे, असू दे. एक विचारू? इतकी वर्षं विचारेन म्हणतोय. ही खुर्ची, पळी, तो वकील, ही नावं ठेवली कुणी? तुम्ही एवढे गमत्ये नाही, माफ करा, पण.”

मीच, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. आखूड पायाच्या? असं दुपारी तिने विचारलं होतं. तारा कुठे ते सांगितल्यावर तिने नकाशा मागितला नव्हता, दिशा विचारली नव्हती. तिला पाय माहीत होता.

“करतो मी फोन तुम्हाला,” तो म्हणाला, “नंतर.”

ती तिथे बसायची. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, गच्चीकडे तोंड करून. मी दुर्बीण तिच्या हातात दिली होती आणि म्हणालो होतो, हे बघ, हे पाठ करायचंय मला आणि होत नाही, सगळे ठिपके सारखेच दिसतात. ती पुष्कळ वेळ बघत राहिली, मग म्हणाली, सारखे कुठे, ही तर आपल्या स्वयंपाकघरातली खुर्ची, एक पाय आखूड. आणि हा वकील, पोट बघा. दुर्बिणीचं चक्र फिरवून तिला तारा स्पष्ट करता येत नव्हता, कारण बाही बोटांवर येत होती… बाही. लांब. हातांच्या पुढे लोंबणारी, आणि मी ती दुमडून दिली होती, एक घडी, दुसरी घडी, लोकर हाताला खरखरीत लागली होती. तिचा नव्हता तो स्वेटर. माझा होता, जुना, कोपराशी उसवलेला. गच्चीवर गारठा असतो, हाक मारलीत की शोधत बसायला नको, म्हणून तिने…

त्याने दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली. हाक मारलीत की. पहिली काही वर्षं तो मारायचाही, वरूनच, “ये गं, वकील आलाय.” मग ती आली की बोलायची, हसायची, तिच्या बोलण्यात रांग चुकायची, आणि एखाद्या दिवशी त्याने हाक मारली नाही, दुसऱ्या दिवशीही मारली नाही, त्यात ठरवून काही नव्हतं. स्वेटर मात्र तिथेच राहिला असणार, हाकेच्या तयारीत. रोज त्याला खांदा लावून मी वर जात होतो.

की हेही त्या खोट्या धूमकेतूचं शेपूटच? तारा अजून वर होता, स्वच्छ, तेज मोजून घ्यावं असा, आज मोजलं नाही तर पहिल्या दिवसांतलं एक टिपण कायमचं हुकणार होतं, आणि तो पाठमोरा होऊन पायऱ्या उतरत होता. खिळ्यासमोर दिवा लावला. लांबट पट्टा, खाली रुंद होत गेलेला. स्वेटर बसतो त्यात. पण छत्रीही बसली होती, पिशवीही बसली होती. रंग कुठला होता? रंग आठवला तर खात्री पटेल. कितीही ताणलं तरी रंग येईना. त्याने तो पाहिला होता तो गच्चीवर, अंधारात, आणि अंधारात कुठलाच रंग दिसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आणि जाणारं माणूस असलं काही नेतं का? साड्या न्याव्यात, कुंडी न्यावी, कंगवा न्यावा; उसवलेला, स्वतःचा नसलेला स्वेटर, तोही सगळ्यांत आधी, उन्हाळ्यात? नेला असेल तर का नेला असेल? या प्रश्नाची दोन उत्तरं होती, त्याचं काहीतरी जवळ असावं म्हणून, किंवा आता हाकेची वाट बघायची नाही म्हणून, आणि दोन्ही त्याला सारखीच खरी वाटत होती.

फोन हातात होता. मास्तर यात कामाचे नाहीत. हे पाहिलेलं दुसरं माणूस जगात एकच, आणि ते गप्प राहून वाट बघतंय. चुकलं तर राहू द्या. इतकी वर्षं खात्री नसलेलं काही त्याने कुणाला कळवलं नव्हतं, त्याचा त्याला अभिमान होता. आता त्या अभिमानाकडे पाहून त्याला नुसतं एकटं वाटलं. मी सांगेन तिला, तो मनाशी म्हणाला. नक्की नाही म्हणून सांगेन, रंग ठाऊक नाही म्हणून सांगेन, पण बाही लांब होती आणि मी दुमडली होती, एवढं दिसलंय. बोटं नंबरावर आली आणि थांबली. श्वास घ्या… धरून ठेवा…

तोल सावरायला तो भिंतीला टेकला, उजव्या खांद्याने, वर जाताना टेकतो तिथेच, आणि दचकला. भिंत गार लागली. खरखरीत आणि गार. इतकी वर्षं ती इथे गार लागत नव्हती.